आप्पांना सांगायचं कसं?

नीराकाठ (१८ मे, रात्री ११.४०)

इथे पाच-सहा वर्षं नुसती वाचते आहे. गुडघेदुखीच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. आज पहिल्यांदा स्वतःचं लिहिते आहे. नाव विचारू नका.

मी ३३ वर्षांची, पुण्यात फिजिओथेरपिस्ट. गाव फलटण तालुक्यात. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. माळकरी. गुडघ्यांमुळे तीन वर्षं वारी बंद आहे, पण माउलींची पालखी आली की आमच्या अंगणात एक दिंडी जेवते. पिठलं, भाकरी, ठेचा. मी तिसरीत असल्यापासून त्या दिवशी भाकरी थापते आहे.

तीन वर्षांपूर्वी एक पेशंट होत्या, मिरजेला नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या. अर्धांगाचा झटका आला होता. त्यांचा उजवा हात मी हलवायचे आणि त्या डाव्या हाताने माझा हात धरून माझ्यासाठी प्रार्थना करायच्या. मला हसू यायचं. त्यांनीच बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान वाचायला दिलं. पुढचं सगळं लिहीत बसत नाही, पण दोन वर्षं झाली, दर रविवारी उपासनेला जाते. येत्या काही महिन्यांत बाप्तिस्मा घ्यायचा आहे. कोणी ओढलेलं नाही. चर्चचे पाळकसाहेब तर उलट म्हणाले, घाई करू नकोस, आधी घरी बोल.

तिथेच घोडं अडलंय. घरी कोणालाच माहीत नाही. रविवारी सकाळी फोन बंद असतो म्हणून सांगून ठेवलंय की मी गडावर जाते. आतापर्यंत राजगड, तोरणा, तिकोना सगळं चढून झालंय माझं, कागदावर. परवा उपासनेत येशूच्या शिष्याचा, पेत्राचा उतारा होता. येशूला पकडून नेलंय. अंगणात शेकोटी, एक दासी विचारते, तूही त्याच्याबरोबर होतास ना? आणि हा म्हणतो, बाई, मी त्याला ओळखत नाही. तीनदा. मी मनात हिशोब केला, माझे शंभर झाले असतील.

मारहाण होईल, कोंडून ठेवतील असलं काही नाही. आप्पांनी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. त्याचीच भीती वाटते. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, सांगितलंत कसं?

चहाटळ (१९ मे)

किती मिळाले ताई? आकडा कळू द्या, आम्हीही विचार करू.

नीराकाठ (१९ मे)

@चहाटळ, मिळत नाहीत हो, जातात. पगाराचा दशांश. आकडा ऐकलात तर तुम्हीच हळहळाल.

संपादक (१९ मे)

चहाटळ यांचे यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा धर्मांतर चांगलं की वाईट याचा नाही. त्यासाठी जुने चार धागे आहेत, तिथे जा.

बाडबिस्तरा (१९ मे)

धागा उघडल्या उघडल्या टिळक आठवले. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं, पण तुमच्या प्रश्नाच्या बाजूने बघितलं तर त्यांनी घरच्यांना जो धक्का दिला तो काही अनुकरण करण्याजोगा नाही. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट. नंतर परत आल्या त्यासुद्धा ख्रिस्ती म्हणून नव्हे. सोवळं सांभाळत, आपला स्वयंपाक वेगळा करत आल्या. टिळकांनी चालवून घेतलं. १९०० साली बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या डोक्याने.

मला या गोष्टीत टिळकांच्या धैर्यापेक्षा ती वेगळी चूल मोठी वाटते. एका घरात दोन चुली पेटत होत्या आणि कोणी दुसऱ्याची विझवायला गेलं नाही.

अवांतर: तुम्ही माळकऱ्याची मुलगी म्हणून सांगतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं हेच टिळक म्हणायचे. त्यांची अभंगांच्या वळणाची गीतं आजही मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, टाळ-पेटीवर म्हणतात. तुमच्या मंडळीतही म्हणत असतील.

नीराकाठ (२० मे)

म्हणतात ना! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं होतं. चाल आमच्या ओसरीवरची होती.

टाळकरी (२० मे)

राम कृष्ण हरी ताई.

मी माळकरी आहे. तुमचा निर्णय मला पटलेला नाही हे आधीच सांगतो, उगाच गोड बोलणार नाही. तुकोबांमध्ये काय कमी पडलं असं तुमच्या वडिलांना वाटणार, मलाही वाटतं.

पण आमचा राग कुठून येतो तेही ऐका. आमच्या वाडीत एक पास्टर यायचा. एकदा शेजारणीच्या आग्रहाने माझी आई त्या सभेला गेली. तो माइकवरून म्हणाला, तुमच्या देव्हाऱ्यात सैतान बसलाय. माझी आई ७२ वर्षांची. सकाळी पारोशी कधी पाणी न प्यायलेली बाई. ती घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसून रडत होती. मी त्या दिवशी हातात काठी घेतली नाही एवढंच. म्हणून विनंती, वडिलांशी बोलाल तेव्हा तुमचं काय ते सांगा. विठोबाबद्दल एक अक्षर काढू नका.

जुना_नगरी (२० मे)

टाळकरीबुवा, सलाम. तुमच्या आईची मी माफी मागतो. तो पास्टर माझा कोणी लागत नाही, पण मागतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की कोणी तुमच्या आशेविषयी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आमची माणसं अर्धं वाक्य पाठ करतात.

खरा_साक्षी (२१ मे)

सौम्यता ठीक आहे, पण सत्य लपवून काय उपयोग? प्रभूने सांगितलं आहे, जो मला माणसांसमोर स्वीकारेल त्याला मी पित्यासमोर स्वीकारेन. बहिणीने आजच फोन करून साक्ष द्यावी. आणि त्या दिंडीच्या भाकरी पहिल्यांदा बंद कराव्यात. उजेडाची आणि अंधाराची भागी कसली? प्रसाद, हळदीकुंकू, सत्यनारायण, सगळं एका दिवसात सुटलं पाहिजे. मी सोडलं. माझ्या घरच्यांनी चार वर्षं तोंड पाहिलं नाही. धैर्य ते यालाच म्हणतात.

बावखल (२१ मे)

@खरा_साक्षी, चार वर्षं तोंड पाहिलं नाही हे तुम्ही मेडलसारखं सांगताय, मला नाही झेपलं ते.

मी वसईचा, जन्माने कॅथलिक. आमच्याकडे बाप्तिस्मा पाळण्यात होतो, त्यामुळे नीराकाठताईंसारखं धाडस करायची वेळ आमच्यावर आली नाही. आमचे पूर्वज कोणत्या परिस्थितीत ख्रिस्ती झाले त्यावर शंभर मतं आहेत. मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. त्यानंतर आमच्या लोकांना ख्रिस्ती राहायला कोणी बंदूक लावली नव्हती. राहिले. भाषा आपली, लुगडं आपलं, लग्नातली गाणी आपली, देवळात क्रूस. हे धैर्य कोणी कुठे लिहून ठेवत नाही, कारण त्यात काही घडत नाही. रोज सकाळी उठायचं आणि राहायचं.

आणि फादर दिब्रिटोंचं आठवा. उस्मानाबादचं ९३वं साहित्य संमेलन, जानेवारी २०२०. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून केवढा गदारोळ झाला! ते संमेलनाला गेले, जसे होते तसे गेले आणि मराठीत बोलले. आमच्या गावांनी त्यांना त्याआधीच ओळखलं होतं, हरित वसईच्या आंदोलनात, जमिनी गिळायला आलेल्यांसमोर उभं राहताना.

प्रश्नचिन्ह (२१ मे)

मी नास्तिक. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, मग दिवाळीला येणार का? मी म्हटलं, चकल्यांना धर्म नसतो. विषय संपला. तुम्हा श्रद्धाळू लोकांचं अवघड आहे बुवा, एक देव सोडायचा आणि लगेच दुसरा धरायचा.

भाकरीबद्दल कुतूहल आहे. चाळीस भुकेल्या माणसांना जेवू घालण्यात तुमच्या येशूला आक्षेप असण्याचं कारण काय? मी वाचलंय त्यावरून त्याचाही तोच धंदा होता.

जुना_नगरी (२२ मे)

प्रश्नचिन्ह यांच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

खरा_साक्षी, बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नामान काढून बघा. अरामाचा सेनापती, कोड बरं झालं, म्हणाला यापुढे फक्त तुमच्या देवाला भजणार. आणि मग अडखळला. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. संदेष्ट्या अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला. माझ्या पाळक असलेल्या वडिलांनी या उताऱ्यावर कधी उपदेश केला नाही, कारण मंडळी फार सूट घेईल अशी त्यांना भीती होती! पण कोणी नवीन माणूस रडत आला की दार लावून हाच उतारा वाचून दाखवायचे.

प्रसादाचं तर बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना पत्रात लिहिलंच आहे. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशा करू नका. पण समोरचा मुद्दाम सांगू लागला की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर नको म्हणा. म्हणजे प्रश्न पदार्थाचा नाही, त्या खाण्याचा अर्थ काय लावला जाणार याचा आहे. पिठलं-भाकरी म्हणजे पिठलं-भाकरी. आरतीचं ताट हातात घ्यायचं की नाही ही वेगळी गोष्ट, ती तुम्हाला ठरवावी लागेल, पोरी.

आता माझं थोडं. धैर्य हा शब्द आमच्या वस्तीत कोणी फारसा वापरत नाही. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले. विहीर आधीही बंद होती, नंतरही बंदच राहिली, त्यामुळे बहिष्काराची वेगळी भीती नव्हती. विरोध आला तो कागदावरून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदूंना धरलं. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती राहिले बाहेर. म्हणून आमच्या आळीत दोन नावांची पोरं. मंडळीच्या वहीत शमुवेल, शाळेच्या दाखल्यावर संजय. माझाच मुलगा. रविवारी शमुवेल, सोमवारी संजय. मुलीने मात्र अकरावीला स्वतःच्या हाताने धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहिलं आणि शिष्यवृत्ती घालवली. बायको आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. कोणाचं बरोबर होतं मला आजही सांगता येणार नाही. मुलाला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो हॉस्टेलचा अर्ज होता, दुसरं काही नाही.

काळा_कोट (२२ मे)

कायद्याचं थोडक्यात, कारण असल्या वेळी काका-मामा हमखास 'मालमत्तेवर पाणी सोडावं लागेल' अशी भीती घालतात.

तुम्ही सज्ञान आहात. अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, हे १८५० च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. एक बारकावा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा खुला होतेवेळी ती मुलं हिंदू असल्याखेरीज. म्हणजे तुमचा हक्क शाबूत, पुढच्या पिढीचा प्रश्न. लग्न झालेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की जोडीदाराने धर्मांतर केलं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण धरलं आहे.

गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा त्यांना आगाऊ सूचना लागते. राज्यागणिक नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, तेव्हा बाप्तिस्म्याची तारीख धरण्याआधी वकिलाकडे एक चक्कर मारा. कागदोपत्री धर्म बदलायचा तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात प्रसिद्धी. आणि स्वतःच्या अक्षरात एक पान लिहून ठेवा: मी कोण, काय वाचलं, केव्हापासून, कोणी काही दिलेलं नाही. उद्या कोणी तक्रार केलीच तर वकिलापेक्षा ते पान जास्त बोलतं.

शेवगा (२४ मे)

मी शक्यतो लिहीत नाही, मराठवाड्यात असते, एवढंच सांगते.

मागच्या नाताळच्या आधी आमच्याकडे घरात प्रार्थना होती. अठरा माणसं, त्यात सहा लेकरं. ढोलकीवर गाणं चालू होतं. दारातून दहा-बारा पोरं घुसली, मोबाइल धरून. एकजण चपलांचे जोड मोजत होता, किती लोक जमवलेत म्हणून. यातली दोन पोरं मी अंगणवाडीत सांभाळलेली. त्यातला एक माझ्या नजरेला नजर देईना, सारखा मोबाइलच्या आडून बघायचा. ढोलकी फोडली. मग पोलीस आले, आमचीच आधार कार्डं तपासली.

सासूबाईंनी काय करावं? हंडा उचलला आणि त्या पोरांना पाणी विचारलं. कोणी घेतलं नाही. एकाने मात्र मागे वळून 'नको मावशी' म्हटलं.

तेव्हा मी घाबरले नव्हते. भीती नंतर आली, शनिवारी रात्री. उद्या परत जमायचं का? नवरा म्हणाला, तू ठरव. मला उलट्या झाल्या, खरंच. सकाळी पाय लटपटत होते. गेलो. अठराचे अकरा झालो होतो. ढोलकी नव्हती, टाळ्यांवर गायलो, हळू. जे सात जण आले नाहीत त्यांना कोणी काही बोललं नाही. दोघी हल्ली परत येतात.

ताई, धैर्य आल्यावर सांगू असं म्हणून थांबू नका. ते आधी येत नसतं.

टाळकरी (२४ मे)

शेवगाताई, वाचून मान खाली गेली. ढोलकी फोडणारा वारकरी नसतो. आम्ही वाद्याच्या पाया पडतो.

नीराकाठ (२५ मे)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचते आहे. टाळकरीदादा, एक विचारू? आप्पांच्या जागी तुम्ही असतात तर काय ऐकायला आवडलं असतं?

टाळकरी (२५ मे)

आवडलं काहीच नसतं. पण दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मेलोच असतो. पालखीच्या गर्दीत कोणी तरी फलटणच्या चौकात म्हणायचं, 'काय माळकरी, पोरगी चर्चमध्ये दिसली.' त्यापेक्षा पोरीने घरात सांगितलेलं परवडलं. पालखीच्या आधी सांगा.

बाडबिस्तरा (२६ मे)

शाकाहाराबद्दल कोणी तरी काल व्यक्तिगत निरोपात विचारलं, ख्रिस्ती झाल्यावर मटण खावंच लागतं का म्हणून. इथेच उत्तर देतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि शाकाहारीच राहिल्या. ज्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, त्यांना ख्रिस्ती केलं त्यांच्याशीही त्या पदोपदी भांडल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे? पुण्यात १८९३ ला त्यांच्या शारदासदनावरून, म्हणजे विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेवरून, वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, तेव्हाही बाई मागे हटल्या नाहीत. एका बाजूला पुणं, दुसऱ्या बाजूला बिशप, मध्ये ही बाई आणि तिची छोटी मनोरमा. विरोध फक्त सोडलेल्या घरातून येतो असं नाही, नव्या घरातूनही येतो. खरा_साक्षी यांचे प्रतिसाद बघा :)

खरा_साक्षी (२६ मे)

माझ्यावर हसा. पण चार वर्षांचं मी मेडल म्हणून सांगितलं नव्हतं. ती चार वर्षं काय होती ते मला माहीत. त्यातच वडील गेले. मला निरोप आला तो तिसऱ्या दिवशी.

बावखल (२६ मे)

माफ करा भाऊ. मी चुकलो.

नीराकाठ (८ जून, रात्री)

सांगितलं.

काल रात्री गावी आले. आज सकाळी आप्पांना नेहमीचे व्यायाम देत होते. पलंगावर पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, टॉवेल खाली दाबायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. आप्पा मोठ्याने मोजतात, तिकिटं मोजायची सवय. मी आदल्या रात्री सगळं पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. ते सातवर होते आणि मी म्हणून टाकलं, "आप्पा, मी येशूची झाले. दोन वर्षं झाली. बाप्तिस्मा घेणार आहे."

ते थांबले नाहीत. आठ, नऊ, दहा. पाय सोडला. मग म्हणाले, "दुसरा घे."

दुसऱ्या पायाचे दहाही पूर्ण केले. नंतर उठून ओसरीवर गेले. अर्ध्या तासाने मला हाक मारली. मी तयारी केली होती तुकोबांची, संस्कारांची, लोक काय म्हणतील याची. त्यातलं काही आलं नाही. म्हणाले, "म्हंजे तू राजगडावर गेलीच न्हाईस?"

मी नाही म्हटलं.

"मी हितं समद्यांना सांगत हुतो, माझी पोरगी एकटी गड चढती. चहाच्या टपरीवर सांगत हुतो."

एवढंच. मग डोळ्यांना टॉवेल लावला, तोच, गुडघ्याखालचा. मी आजवर समजत होते की माझा विश्वास लपवून मी त्यांना वाचवते आहे. त्यांना लागलं ते राजगडाचं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, पाया पडले. चालतं का ते कोणाला विचारलं नाही. बाप आहे.

आई ऐकत होती आत. तिने ताट वाढलं, पण बोलली नाही.

जुना_नगरी (८ जून)

बरं केलंस. आज झोप.

प्रश्नचिन्ह (९ जून)

च्यायला, ऑफिसमध्ये वाचायला नको होतं हे.

काळा_कोट (९ जून)

आता एकदा खरंच राजगडावर जाऊन या.

नीराकाठ (१५ जून)

सगळं गोड झालं असं समजू नका. तात्या, म्हणजे धाकटे चुलते, मंगळवारी येऊन बसले. भावाची स्थळं बघतायत, त्यातलं एक जवळजवळ ठरलं होतं, ते 'विचार करून कळवतो'वर गेलंय. भावाने मला मेसेज केला, 'थांबली असतीस सहा महिने.' यावर मी काय बोलू? त्याचं चूक नाही. तात्या म्हणाले, पालखीला घरात पाऊल ठेवायचं नाही, दिंडीवाल्यांना कळलं तर कोण जेवेल? आप्पा गप्प होते.

खरा_साक्षीदादा, तुमचा निरोप वाचला. तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंत त्यानंतर मी गावची गाडी पकडली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

शेवगा (१५ जून)

आई बोलतील. माझ्या आईला अकरा महिने लागले. पहिलं वाक्य काय होतं सांगू? "गॅस संपलाय, नंबर लाव."

खरा_साक्षी (१६ जून)

तुमच्या भावासाठी प्रार्थना करतो. नाव नको, प्रभूला माहीत आहे.

नीराकाठ (२९ जून)

पालखी आली आणि गेली. मी गेले नव्हते, तात्यांचा शब्द मोडायचा नाही असं ठरवलं होतं. सकाळी सहाला आप्पांचा फोन. "अगं, चाळीस मानसं हायत, तुझ्या आईचा हात भाजलाय, भाकऱ्या कोन थापनार? तात्या?" मी मिळेल त्या गाडीने निघाले.

पोचेपर्यंत साडेनऊ. आईच्या हाताला काही झालेलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण परात माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघींनी एका चुलीवर दीडेक तास भाकरी थापल्या, एक शब्द न बोलता. मी थापायची, ती शेकायची. तात्या दारातून दोनदा बघून गेले. दिंडीची आरती झाली तेव्हा मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. कोणी बोलवायला आलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. निघताना दिंडीतले एक म्हातारे बुवा म्हणाले, "भाकरी झ्याक झाली माय," आणि सवयीने माझ्या पाया पडले, त्यांच्यात पडतात तसे. मीही वाकले. आमची डोकी आपटली.

टाळकरी (२९ जून)

कोणती दिंडी ते विचारत नाही. राम कृष्ण हरी.

बावखल (३० जून)

बाप्तिस्मा कधी?

नीराकाठ (४ जुलै)

ऑगस्टमध्ये, काळा_कोट यांनी सांगितलेले कागद हातात आले की. आप्पांना सांगितलंय. येणार नाहीत, मी या म्हटलंही नाही.

आई अजून बोललेली नाही. भावाच्या स्थळाचंही काही नाही.

आता आप्पांचा मेसेज आला, बोलून टाइप करायला शिकलेत नवीनच. तसाच चिकटवते: 'एकादशी रविवारी आली आहे तुमची प्रार्थना आटपून ये दुपारपर्यंत आई विचारते साबुदाणा चालतो का तुमच्यात'

प्रश्नचिन्ह (४ जुलै)

चालतो कसला, धावतो म्हणून कळवा. आणि आईच विचारते आहे, वाचलंत ना?

नीराकाठ (४ जुलै)

वाचलं. चार वेळा.